राणीच्या किल्ल्यात
कुठल्याही जुन्या देवळात वटवाघळांचा उग्र वास आला की मला सासरच्या गावामागचा पडका किल्ला आठवतो. माझ्या लग्नाला तेव्हा चारच महिने झाले होते. भाताच्या रोवणीचे दिवस होते, सारे पुरुष लांबच्या बांध्यांमध्ये, भातखाचरांत गेले होते, आणि भरदुपारी जावेची पाच वर्षांची मुलगी शेळीमागे धावत किल्ल्यात शिरली ती बाहेर आलीच नाही. आतून तिचं रडणं ऐकू येत होतं, पण आम्ही बायका दाराशीच थांबलो होतो, कारण तिथे मेलेल्या राणीचा शाप होता म्हणे: आत पाय टाकणाऱ्या बाईची कूस कधी उजवत नाही. जाऊ दुसऱ्यांदा पोटुशी होती, तिला दोघींनी धरून ठेवलं होतं. सासूबाईंनी माझा हात पकडला. "माणसं येऊ दे, तू नोको जाऊ." "पोरगी रडून राहिली, तुमाले ऐकू नाही येत काय?" म्हणत मी हात सोडवला आणि काटेरी झुडपांतून आत गेले. ओल्या, अंधाऱ्या कमानीखाली तिचा पाय ढासळलेल्या दगडांत अडकला होता. दगड हलवता हलवता माझी नखं फुटली, पण तिला कडेवर घेऊनच मी बाहेर आले. पुढे मला मूल झालं नाही. दवाखान्यात कारण वेगळं सांगितलं, गाव मात्र अजून राणीचंच नाव घेतं. घेऊ दे. ती मुलगी आज लाखनीच्या कॉलेजात जाते, आणि तशी दुपार पुन्हा आली तर मी कुणाला माझा हात धरायलाही वेळ देणार नाही.