मशेरीची डबी

मशेरी दातांना लागल्याशिवाय माझ्या सासूबाई सकाळी कोणाशी बोलत नसत. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, चुरून पितळी डबीत भरायची आणि बोटावर घेऊन ओट्यावर निवांत बसायचं. लग्न होऊन धसईला आले तेव्हा माझी दाढ ठणकत होती. त्यांनी मायेने डबी पुढे केली. दाढ थांबली, मशेरी मात्र राहिली.

पहिलं मूल तिसऱ्याच महिन्यात पोटातच गेलं. मी अंथरूण धरलं. शेजारणी म्हणाल्या, लगेच दुसरं राहू द्या, दुःख विसरेल. सासूबाईंनी कोणाचं ऐकलं नाही. मला जीपमध्ये घालून मुरबाडला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई म्हणाल्या, अंगात रक्त कमी आहे, ते आधी भरू द्या; फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या दिवस राहण्याआधीपासूनच घ्या, आणि मशेरी बंद. मी मान खाली घातली.

"सवय मी लावलेय हिला," सासूबाई म्हणाल्या. "तिला नका बोलू."

परतताना माझा धीर सुटला. इतके महिने थांबायचं, तोवर लोक काय म्हणतील? सासूबाई बाहेरची शेतं बघत होत्या; पेरणीआधी पालापाचोळा, शेण जाळून तिथे राब भाजले होते. "राब भाजल्याबिगर भात पेरतंय का कोण? मंग तुझीच कसली घाई गो?"

दुसऱ्या दिवशी मशेरीचा तवा चुलीवर चढलाच नाही. घरात वास सुटला की माझा हात डबीकडे जाईल, म्हणून उभ्या जन्माची सवय त्यांनी सोडली. त्यागाचा आव नव्हता. उलट घरात कोणाची धडगत नव्हती. कोंबड्यांपासून सासऱ्यांपर्यंत सगळ्यांनी शिव्या खाल्ल्या. माझ्या नवऱ्याच्या खिशातली तंबाखूची पुडी चुलीत गेली. "पोर काय तिच्या एकटीचं हाय?" एवढंच त्याला ऐकवलं.

बायकांनी मागाहून उरलंसुरलं खायचं, ही घरची रीतही त्यांनीच मोडली. पुरुषांच्या पंगतीत मला बसवून नाचणीची भाकरी, माठाची भाजी वाढू लागल्या. लोहाच्या गोळीवर चहा नको, असं बाईंनी बजावलं होतं. मी कप उचललाच तर तो हातातून घेऊन स्वतः पिऊन टाकत. कोणी विचारलं, काही बातमी, तर म्हणत, "बातमी नाय, तयारी हाय."

यथावकाश नात झाली. पाचवीला त्यांच्या मैत्रिणीने ताजी मशेरी आणली. मीही म्हटलं, आई, आता घ्या, सुटलात. त्यांनी पुडी नाकाशी धरून डोळे मिटले आणि परत दिली.

"नको. पोरीचे मुके घ्यायचेत मला."

गेल्या उन्हाळ्यात त्या गेल्या. नात शाळेत जाते, आणि आम्ही दुसऱ्याचा विचार करतोय. आत्तापासून गोळ्या सुरू केल्यात; त्या सासूबाईंच्या पितळी डबीत ठेवते. कितीही घासली तरी झाकण उघडलं की थोडा वास येतोच. पूर्वी त्या वासाने मला मशेरी हवीशी व्हायची. आता सासूबाईंची फार आठवण येते, आणि मी सगळ्यांबरोबर आपलंही पान वाढून घेते.