चौकोनातली फुली

छत्रीमास्तर बाथरूममध्ये घसरले आणि त्या दुखण्यातून उठले नाहीत, असे शोकसभेत प्रत्येक वक्त्याने सांगितले. प्रत्येकाला ते मास्तरांच्या मुलाने सांगितले होते. मास्तर बाथरूममध्ये घसरले नव्हते.

टोपणनाव गल्लीने दिलेले. सैन्यात ते पॅराशूटच्या घड्या घालून गाठोडी बांधत. उडी मारणारे वेगळे, त्यांच्या पाठीवरचे गाठोडे बांधणारे वेगळे, हे त्यांनी निवृत्त होऊन आल्यावर शेजारणीला समजावून सांगितले. तिने नीट ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवशी दोन मोडक्या छत्र्या आणून दिल्या. मास्तरांनी त्या मुकाट्याने दुरुस्त केल्या.

त्यांच्या तुकडीत एक नियम होता. साहेब कधीही येऊन रचलेल्या गाठोड्यांपैकी एकावर बोट ठेवायचा. ते ज्याने बांधले, त्यानेच ते पाठीवर घेऊन विमानातून उडी मारायची. मास्तरांनी अशा उड्या मारल्या होत्या. कोणी शौर्याचा विषय काढला की म्हणत, "शौर्य कसलं? ती छत्री मीच बांधलेली होती. दुसऱ्याने बांधलेली घेऊन उडी मारतो तो शूर."

घरातही हाच नियम चाले. मुलांसाठी झोपाळा टांगला की आधी स्वतः बसायचे. बायकोचे गुडघे दुखायला लागले तेव्हा जिन्याला आधाराचा दोर बांधला आणि तिच्यादेखत त्याला लोंबकळून दाखवले. "माकडाशी लग्न झालंय माझं," ती सगळ्यांना सांगायची. जावई मिळाला तो विजेच्या खांबांवर चढणारा वायरमन. सासरे घड्याळ देतील असे त्याला वाटत होते. मास्तरांनी स्वतः शिवलेला कमरेचा पट्टा दिला.

त्या पट्ट्यावरून मुलाला धंदा सुचला. उंचावर काम करणाऱ्या मजुरांसाठी सेफ्टी बेल्ट. मास्तरांनी खालच्या दोन्ही खोल्या रिकाम्या करून दिल्या, साठवलेले सगळे घातले आणि नवरा-बायको वर राहायला गेले. शिलाई कशी घालायची ते त्यांनीच कारागिरांना शिकवले: पट्टा जिथे दुमडतो तिथे जाड दोऱ्याने चौकोन, आणि चौकोनात फुली. ओढ बसली की जोर फुलीवर येतो.

काही वर्षे बरी गेली. मग एका मोठ्या ठेकेदाराने दर पाडून मागितला. मुलाने दोरा बदलला आणि फुली काढून टाकली.

टेम्पो यायच्या दुपारी मास्तरांनी तयार ढिगातला एक पट्टा उलटून पाहिला.

"अरे, फुली कुठे गेली?"

"बाबा, फुलीला वेळ जातो. चौकोन पुरतो. सगळा बाजार तसाच शिवतो."

"बाजार घालणार आहे का तो?"

"मजूर घालतच नाहीत हो, खुंटीला टांगून ठेवतात. तपासणीपुरता लागतो."

"मग एक घालून बघतो. तू काढून दे. कुठलाही."

"झाली तुमची परेड सुरू." मुलाने ढिगातला एक ओढून त्यांच्या अंगावर टाकला. "घ्या. हा घ्या. आणि मला काम करू द्या."

मुलाला वाटले, बाबा वर जाऊन शिवण उसवत बसतील. मास्तरांनी वरच्या गॅलरीत जाऊन पट्टा कमरेला आवळला, आकडा कठड्याला अडकवला आणि कठड्याबाहेर अंग सोडले. चौकोन एका कडेने उसवत गेला. अंगणात ते कुशीवर पडले. खुबा मोडला.

दवाखान्यात मुलगा सोबत होता. डॉक्टरांनी विचारले, "कसे पडलात, आजोबा?"

मास्तरांनी मुलाकडे पाहिले. "बाथरूममध्ये घसरलो."

ऑपरेशननंतर शुद्ध नीट आल्यावर त्यांनी बायकोला पहिले विचारले, "माल थांबवला ना?"

"थांबवला," ती म्हणाली. टेम्पो त्याच संध्याकाळी भरून गेला होता.

घरी आणल्यावर ते वरच्या खोलीत पडून राहिले. खाली मशीन चाले. चौकोनावर फुली घालायची तर मशीन थांबून थांबून जास्त वेळा वळवावे लागते. तो आवाज त्यांना पाठ होता. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते म्हणाले, "फुली पडत नाहीये खाली."

"वरून काय कळतंय तुम्हाला! डोळे मिटा जरा."

पुन्हा त्यांनी हा विषय काढला नाही. बायकोनेच एकदा काढला. बोला त्याच्याशी, म्हणाली, नाहीतर मी बोलते. ते म्हणाले, "बोलून? बाहेर गेलं तर तो आत जाईल. सून आहे, नात आहे. आपलेच दात, आपलेच ओठ." मग भिंतीकडे वळले. दिवसभर मशीनच्या आवाजावर हाताची बोटे हलत, आणि फुलीच्या जागी येऊन थांबत. तसेच काही महिने काढून ते गेले.

शोकसभेत मुलगा म्हणाला, "बाबांची शिस्त हीच आमची पुंजी." तो रडला, आणि ते रडणे खोटे नव्हते.

आता पट्ट्यांना लेबल आले आहे. गणवेशातला मास्तरांचा तरुण फोटो, खाली 'फौजी भरवसा'. माल पूर्वीपेक्षा जास्त जातो. लेबले चिकटवायला त्यांची बायको खाली बसते. "चेहरा छान आलाय," एवढेच म्हणते.

लेबल लावलेल्या पहिल्या खोक्यातला एक पट्टा मुलाने मेव्हण्याला दिला. "घ्या दाजी, तो जुना टाका आता. विटलाय पार."

वायरमनने पट्टा उलटा केला, चौकोनावरून अंगठा फिरवला आणि "वा," म्हणाला. पट्टा घरी नेला. खांबावर चढताना अजून तो सासऱ्याने शिवलेला विटका पट्टाच बांधतो. नव्या पट्ट्याने त्याने गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचे झाकण आवळून ठेवले आहे. मजुरांना मात्र त्याने काही सांगितलेले नाही. घरातलीच गोष्ट आहे.