अळणी डबे

आमच्या घरात स्वयंपाक चाखत नाहीत. देवाला नैवेद्य दाखवायच्या आधी पळीतला थेंबसुद्धा जिभेवर जायचा नाही, हा सासूबाईंचा नियम. घरापुरतं ते ठीक होतं. पण सासऱ्यांच्या भिक्षुकीवर भागेना, तेव्हा सासूबाईंनी औरंगपुऱ्यात विद्यार्थ्यांसाठी खानावळ काढली आणि हाच नियम चाळीस-पन्नास ताटांच्या स्वयंपाकालाही लावला. रोज प्रत्येक पातेल्यातलं थोडं थोडं वाटीत काढून देवापुढे ठेवायचं, मगच शटर वर. पिशोर, कन्नडकडून परीक्षांच्या अभ्यासाला आलेली मुलं पायरीवर ताटकळत बसायची आणि आत देव सावकाश जेवायचा.

मग मीठ कसं कळायचं? तर वासावरून. सासूबाई पातेल्यावर वाकायच्या, डोळे मिटायच्या, हातानं वाफ नाकाकडे ओढायच्या आणि सांगायच्या, “अजून चिमूटभर.” मिठाला वास असतो का, हा वाद मी बावीस वर्षं घातला आणि बावीस वर्षं हरले, कारण त्यांचं मीठ कधी चुकलंच नाही. देवाच्या आधी वास घेतलेला चालतो का, असंही मी लग्नानंतर नवी नवी असताना विचारलं होतं. “मग नाक काय बांधून ठेवू?” एवढंच उत्तर मिळालं. त्यांच्या हातची येसराची आमटी, म्हणजे भाजलेल्या धान्यांच्या मसाल्याची आमची मराठवाडी आमटी, खाऊन गेलेली मुलं पुढे मोठ्या हुद्द्यावरून फोन करायची, तेही आमटीची चौकशी करायला. मला कुणी काही विचारायचं नाही. मी भाज्या चिरणारी, पोळ्या लाटणारी आणि शहागंजातून बाजार आणणारी. याचा मला राग यायचा, ते लपवत नाही.

कोरोनाच्या पहिल्या लाटेत मुलं बॅगा घेऊन गावाकडे गेली ती गेलीच. दुसऱ्या लाटेत पुन्हा सगळं बंद झालं आणि जागेच्या मालकानं सांगितलं की चालवणार नसाल तर रिकामी करा, मला गोदामाला गिऱ्हाईक आहे. त्याच आठवड्यात वॉर्ड कार्यालयातल्या एका साहेबांनी एक शहाणपणाचं काम केलं. पडेगावच्या बाजूला एका वसतिगृहात कोविड सेंटर उघडलं होतं. तिथल्या जेवणाचं काम एकाच मोठ्या ठेकेदाराला न देता त्यांनी ते बंद पडलेल्या चार-पाच खानावळींना वाटून दिलं. आमच्या वाट्याला दुपारचे चाळीस डबे आले. तेवढ्यावर खानावळ तगणार होती. ते गेले असते तर शटर कायमचं खाली, हे सासऱ्यांच्या मागे घरात उरलेल्या आम्हा तिघांनाही माहीत होतं.

सोबत एक फॉर्म होता. स्वयंपाकघरात काम करणाऱ्यांची नावं लिहायची, दर पंधरा दिवसांनी त्यांची तपासणी करायची आणि साठीच्या वरचं कुणी आत असायचं नाही. सासूबाई एकाहत्तर वर्षांच्या. मी फॉर्मवर माझं आणि नवऱ्याचं अशी दोनच नावं लिहिली. ‘मुख्य स्वयंपाकी’ या रकान्यात माझं नाव लिहिताना एकदा ओट्याकडे पाहून घेतलं आणि लिहून टाकलं.

साहेबांचा माणूस पाहणीला आला त्या दिवशी मी सासूबाईंना मागच्या खोलीत बसवून बाहेरून कडी लावली. “त्यांना बरं नाही, झोपल्यात,” असं त्याला सांगितलं. तो गेल्यावर कडी काढली तर त्या पलंगावर ताठ बसलेल्या.

“स्वयंपाक मी करायचा आणि नाव तुझं?”

“आई, नियम आहे. मी केला का तो?”

“आणि कोंडायचं मला? चोरासारखं?”

दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. स्वयंपाक मात्र करत होत्या.

तेव्हा सेंटरची एक सूचना होती, तेल, तिखट, मीठ बेताचं ठेवा. ती मी सासूबाईंच्या कानीकपाळी ओरडत असे आणि त्या ऐकून सोडून देत. तिसऱ्या की चौथ्या आठवड्यात एक दिवस डबे गेल्यावर मी उभ्या उभ्याच पोळी-आमटी खाल्ली, तर आमटी अळणी. मला काय वाटावं? मला वाटलं, चला, ऐकलं एकदाचं. दुसऱ्या दिवशी आमटी आणखी अळणी. मी मनात म्हटलं, राग काढतायत माझ्यावर, काढू देत. नवऱ्यानं भाजीवर वरून मीठ घेतलं आणि तोही काही बोलला नाही. आमच्या घरात त्यांच्या स्वयंपाकाला नाव ठेवायची रीतच नव्हती. सेंटरमधूनही तक्रार नाही. चाळीसच्या चाळीस डबे रिकामे परत.

पाचव्या दिवशी, रोज डबे पोचवणाऱ्या नवऱ्याच्या गाडीला काहीतरी झालं म्हणून त्याच्या लॉकडाऊनच्या पासवर मीच भाड्याच्या रिक्षातून डबे घेऊन पडेगावला गेले. सेंटरच्या फाटकावर एक चौकीदार असे, पिशोरचाच, पन्नाशीचा. डबे तोच उतरवून घ्यायचा आणि दोन डबे जास्त असत त्यातला एक त्याच्या वाट्याला जायचा. मला लांब उभं करून तो म्हणाला, “ताई, येक बोलू का? राग येऊ देऊ नका.”

“बोला की.”

“चार दिस झालं, आमटीत मीठ नाय. कालची तं पार पाण्यावानी व्हती. भाजीबी तशीच.”

“सेंटरनंच सांगितलंय बेताचं टाका म्हणून.”

“बेताचं ठीक हाय वं ताई, पर काहीच नाय. लई दिवस तुमचं खाल्लं मी, आमटी भुरकून प्यायचो.”

“मग आतली माणसं कशी बोलत नाहीत?”

“त्यायला कुठं चव कळती? दगड वाढला तरी गुमान खात्यात. मला काय झालेलं नाय, म्हणून मला कळतंय.”

रिक्षा दिल्ली दरवाज्यापर्यंत आली असेल तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ज्यांची चव गेलीय त्यांना कळत नाही. आणि ज्यांचा वास गेलाय, त्यांना?

घरी आले ती चपला काढून तडक आत. सासूबाई ओटा पुसत होत्या. मी फडताळातून हिंगाची डबी काढली. खडा हिंग, डबी बंद असली तरी फडताळ घमघमायचं. झाकण उघडून त्यांच्या नाकाशी धरली आणि म्हटलं, “डोळे मिटा. काय आहे सांगा.”

“हा काय खेळ?”

“मिटा म्हणते ना!”

त्यांनी मिटले. दोनदा खोल श्वास घेतला. मग हळूच म्हणाल्या, “काही नाहीये.” आणि डोळे उघडून त्यांनी डबी पाहिली.

मी त्यांच्यावर एवढी ओरडले की शेजारच्या खिडकीत माणसं आली. ताप नाही, खोकला नाही, पण अंग दुखतंय म्हणत होता ना? मग बोलला का नाहीत? चार दिवस वास येत नाही हे माणसाला कळत नाही का? भीती वाटली की मी ओरडते, हा माझा जुना दोष आहे. त्या फडकं हातात धरून ऐकत राहिल्या आणि मग म्हणाल्या, “कळलं होतं. वाफ घेतली तर नुसतं गरम लागलं. मला वाटलं, वय झालं. मीठ जास्त पडून रोग्यांना त्रास नको, म्हणून कमी टाकत गेले.”

“मग मला का नाही सांगितलंत?”

“तुला सांगितलं असतं तर तू माझ्या हातातली पळी काढून घेतली असतीस.”

मी घेतली असती. एका मिनिटात घेतली असती, आणि कदाचित जरा आनंदानंही.

नवरा गाडी दुरुस्त करून आला. सगळं ऐकून दारातच बसला. म्हणाला, “आईला मागच्या खोलीत ठेवू. उद्यापासून तू कर स्वयंपाक. यादीत तसंही तुझंच नाव आहे. कुणाला कळतंय?” त्याला दोष कशाला देऊ? रिक्षातून उतरताना हाच विचार माझ्याही मनात येऊन गेला होता. चाळीस डबे डोळ्यांपुढे होते. शिजलेल्या अन्नातून काही पसरत नाही, असंही सगळे सांगत होतेच.

एव्हाना मागच्या खोलीत जाऊन बसलेल्या सासूबाई तिथूनच म्हणाल्या, “फोन कर तुझ्या साहेबांना.”

“आई, काम जाईल. खानावळ जाईल.”

“जाईल. पण उद्या तूही पडलीस, हाही पडला, तर तिथल्या चाळीस लोकांना जेवायला कोण देणार आहे? आधी कळलं तर ते दुसरीकडून तरी मागवतील.” पुढे म्हणाल्या, “आणि माझं नाव सांग. स्वयंपाक माझा होता. अळणी झाला तोही माझाच.”

फोन मीच केला. साहेब म्हणाले, “खोटी यादी दिलीत, हे बरं नाही केलंत. सांगितलंत, ते बरं केलंत. डबे आजपासून बंद.” एवढंच. चिडले असते तर मला सोपं गेलं असतं. संध्याकाळी आमच्या दाराला विलगीकरणाचा कागद चिकटला आणि गल्लीच्या तोंडाशी पत्रे लागले. शेजाऱ्यांनी आमच्याकडे पाहणं सोडलं. सासूबाईंची तपासणी झाली, निघायचं तेच निघालं, आणि त्यांना पडेगावच्या त्याच सेंटरमध्ये नेलं. आम्हा दोघांचं काही निघालं नाही. जागेच्या मालकाचा फोन तिसऱ्याच दिवशी आला. त्याला मी काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही, पण त्यानंतर महिनाभर तो गप्प राहिला.

सेंटरमध्ये भेटायला जाता यायचं नाही. चौकीदाराचा नंबर माझ्याकडे होता, तो रोज दुपारी खबर द्यायचा. “आजी बऱ्या हायेत. वऱ्हांड्यात फिरत्यात.” सातव्या दिवशी मी विचारलं, “जेवण कसं आहे म्हणतात?” डबे आता दुसऱ्या खानावळीचे येत होते. आमच्या सासूबाईंनी दुसऱ्याच्या हातचं खाऊन नाव ठेवलं नाही असं बावीस वर्षांत झालं नव्हतं. लग्नाच्या पंगतीत बसून त्या शेजारणीला मठ्ठ्यातल्या चुका सांगायच्या.

“कायबी म्हणत नाय,” तो म्हणाला. “समोर येईल ते खात्यात. डबा धुऊन ठेवत्यात.”

फोन ठेवला आणि मी ओट्याला टेकून रडले. तब्येत बरी आहे, ऑक्सिजन बरा आहे, हे सगळं ऐकूनही मला रडू आलं. ती बाई डबा धुऊन ठेवते, एक शब्द बोलत नाही, हे मला सहन होईना.

त्या परत आल्या तेव्हा निम्म्या झाल्या होत्या. वास आला नव्हता. डॉक्टर म्हणाले, येईल, महिना लागेल, सहा महिने लागतील. सासूबाई रोज सकाळी हिंगाची डबी उघडायच्या, नाकाशी धरायच्या आणि झाकण लावून ठेवून द्यायच्या. स्वयंपाक मीच करत होते. त्या खुर्ची टाकून दाराशी बसायच्या आणि मला एकदाही चूक दाखवायच्या नाहीत. घरात इतकं अवघडल्यासारखं मला नवी सून असतानाही वाटलं नव्हतं.

सेंटरला पेशंट वाढले आणि एक दिवस साहेबांचा फोन आला. वीस डबे देता येतील का? म्हटलं, देऊ. साठीवरच्यांना होऊन गेलं असेल आणि डॉक्टरांची चिठ्ठी असेल तर आता चालेल, असं त्यांनीच सांगितलं. वर म्हणाले, “यादी या वेळी खरी द्या.” मी खरी दिली. ‘मुख्य स्वयंपाकी’ या रकान्यात सासूबाईंचं नाव लिहिलं आणि फॉर्म त्यांना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, “मला जमायचं नाही आता. मला काही कळत नाही.”

“नाव गेलंय,” मी म्हटलं. “पुन्हा खोटी यादी दिली तर ते मला आत टाकतील.”

दुसऱ्या दिवशी त्या पहाटे आंघोळ करून ओट्याशी उभ्या राहिल्या. येसर कालवलं, चिंच घातली, फोडणी दिली. मी पोळ्या लाटत पाठमोरी होते. आमटीला उकळी फुटली तसा त्यांचा हात थांबला, हे न पाहताही मला कळलं. त्या पातेल्यावर वाकल्या असणार, डोळे मिटले असणार, वाफ ओढली असणार. मग बराच वेळ नुसता आमटीचा आवाज येत राहिला.

“इकडे ये,” त्या म्हणाल्या.

मी हात पुसत गेले. त्यांनी पळी बुडवली, फुंकर घातली आणि म्हणाल्या, “हात पुढे कर.”

“आई, अजून नैवेद्य व्हायचाय.”

“माहीत आहे मला. पडेगावला एक वाजता जेवायला लागतं लोकांना. हात कर.”

मी तळहात पुढे केला. त्यांनी त्यावर आमटी ओतली, आणि मी चाटून संपवेपर्यंत त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मीठ कमी होतं. बावीस वर्षं मी ज्या क्षणाची वाट पाहिली असेल तो हाच होता, आणि आता तो नकोसा झाला होता.

“कमी आहे,” मी म्हटलं.

“किती?”

“चिमूटभर.”

त्यांनी चिमूटभर मीठ टाकलं, ढवळलं, आणि पुन्हा पळी भरून माझ्यापुढे धरली.