मीच तिचा हात धरला होता

बोटं थंड. चारी बोटं थंड पडलेली आन् टम्म फुगलेली, नखं निळी, आन् माझी पोरगी आता रडत बी नव्हती, नुसती कण्हत होती, म्हून मला जास्त भ्या वाटलं. फरशी पुसायचं फडकं तिथंच टाकलं, पोरीला उचललं आन् साहेबाच्या खोलीत घुसले. दार न वाजवता. तीन वर्सांत पहिल्यांदा.

साहेब डबा खाऊन राहिले होते. बाजूला क्लार्क उभा. मी म्हनलं, "साहेब, बोटं बगा हिची. निळी पडलीत."

साहेबानं मान वर केली. पोरीकडं न्हाई बघितलं. माझ्या पायाकडं बघितलं. फरशीवर माझ्या ओल्या पायाचे ठसे उठले होते.

"हे आत्ताच पुसलंय ना? बाहेर हो."

"साहेब, लई दुखून राहिलंय तिला."

"हात मोडलाय. दुखणारच." मंग क्लार्ककडं बघून हसले. "यांच्या लोकांची हाडं दगडाची असतात. पिढ्यानपिढ्या ओझी वाहिलीत. यांना काही होत नाही. आई नाटकी, म्हणून पोरगी नाटकी."

क्लार्क बी हसला.

माझी पोरगी सहा वर्सांची हाय. तिनं अजून कोनाचं ओझं वाहिलं न्हाई.

सुरवातीपासून सांगते, न्हाई तर तुमाला कळनार न्हाई. मला नीट लिहिता येत न्हाई, सातवी शिकले, चुकलं तर वाचून घ्या.

हिंगोलीत माजी सैनिकांचा दवाखाना हाय. माझा नवरा फौजेत होता. डोंगरात गाडी उलटली, गुडघा गेला, कमी वयातच घरी पाठवला. आता पुन्यात एका कंपनीच्या गेटवर उभा ऱ्हातो. त्याच्या फौजेच्या दवाखान्याच्या कार्डावर माझं आन् पोरीचं नाव हाय. म्हंजे त्या दवाखान्यात आमचा हक्क हाय. आन् मी तिथं कामाला बी हाय. झाडनं, पुसनं, आन् प्लास्टरच्या खोलीत मदत.

आमचे साहेब हाडाचे डाक्टर. ते बी फौजेतून रिटायर झालेले. खोटं काहून बोलू, हात लई हुशार त्यांचा. म्हातारा दारातून आत आला की त्याची चाल बघूनच सांगायचे, डावा गुडघा का उजवा. वसमतहून, शिरड शहापूरहून म्हातारे जवान येतात, कोनाच्या मांडीत तीस वर्सांची लोखंडी पट्टी, कोनाचं कंबरडं गेलेलं. साहेब एकेकाला नीट बघतात. पन इथं आपरेशन होत न्हाई. साहेब कागद लिहितात, मोठ्या दवाखान्यात पाठवतात, तिकडून कागद वापस येतो, शिक्का न्हाई म्हून. परत लिहितात. मंग चिडतात. "मी सर्जन आहे, कारकून नाही," म्हनतात. ती चीड मोठ्या हुद्द्याच्या मान्सावर निघत न्हाई. आमच्यावर निघते.

माझं काम धरायचं. प्लास्टर करताना कोनी तरी पाय उचलून धरावा लागतो, हालू द्यायचा न्हाई. साहेब म्हनले "धर" की धरायचं, "सोड" म्हनले की सोडायचं. पेशंट किती बी वरडू दे.

धरून धरून मी ऐकत गेले. प्लास्टर झालं की साहेब दर पेशंटला तेच सांगायचे. "बोटं निळी पडली, थंड पडली, मुंग्या आल्या, गोळी घेऊनसुद्धा दुखणं वाढतच गेलं, तर थांबू नका. घट्ट प्लास्टर हात खातं. सरळ इकडं या." मला तोंडपाठ झालं. एकदा खेड्यातल्या डाक्टरचा फोन आला होता, तर त्याच्यावर वरडले, "आधी प्लास्टर फोडा, मग पाठवा. वाटेतच हात जाईल." हे बी म्या ऐकलं.

आन् प्लास्टर कापायचं मशीन. घर्रर्र आवाज. सीमेवर राहून आलेले हवालदार त्या मशीनला भेतात. तव्हा साहेब चालू मशीन सोताच्या तळहातावर टेकवून दाखवायचे. "बघा, कातडी कापत नाही. नुसतं प्लास्टर कापतं." सगळे हासायचे.

त्या दिवशी सकाळी माझी पोरगी मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हळदीच्या पोत्याच्या ट्रॉलीवर चढली आन् वरून पडली. आमची खोली मोंढ्याच्या मागंच हाय. हात मधीच वाकडा झाला. मी तशीच उचलून पळत दवाखान्यात आले. नऊ वाजले असतील. चपला बी घरीच राहिल्या.

माझ्या आधी एका सुभेदाराची बायको होती. मनगट मोडलेलं. तिला खुर्ची दिली. साहेब तिला ताई म्हनले. आधी बधिर करायची सुई दिली, हात बधिर होईस्तोवर थांबले, मंग हाड वढलं. मधी मधी इचारत होते, "दुखतंय का ताई?" दुखू नयेच कोनाला. तिला सुई दिली ते बराबरच केलं.

मंग आमचा नंबर. म्या म्हनलं, "साहेब, सुई?"

साहेबानं कार्ड बघितलं. कार्डावर आमचं आडनाव हाय. आमी बौद्ध. हिंगोलीत आडनावावरून सगळं कळतं.

"हिला कशाला सुई? एका झटक्यात बसेल. धर."

आन् म्या धरलं.

हे मला लिहायचंय. दुसऱ्या कोनी धरलं न्हाई. म्या धरलं. तिचा दंड माझ्या छातीखाली दाबला, ती म्हनत होती, "आई सोड, आई सोड," साहेब म्हनत होते, "घट्ट धर," आन् म्या साहेबाचं ऐकलं. तीन वर्सांची सवय. हाड कट्‌ वाजलं. पोरीनं माझ्याकडं बघितलं. साहेबाकडं न्हाई. माझ्याकडं.

मंग प्लास्टर. आत कापूस लावतात, तो एकच पदर लावला. घाईनं गुंडाळलं, कारन दुसऱ्या दिवशी कोनी तरी मोठे साहेब तपासनीला यायचे होते. आन् ते बोलनं? बोटं निळी पडली तर या, थांबू नका? सुभेदाराच्या बायकोला सगळं समजावून सांगितलं होतं. मला एक अक्षर न्हाई सांगितलं.

"तिला बाकावर झोपव आणि व्हरांडा पुसून घे. उद्या आरशासारखा दिसला पाहिजे."

म्या पुसला. पोरगी बाकावर कण्हत होती आन् मी व्हरांडा पुसत होते. पहिल्यांदा गेले, साहेब म्हनले, थांब. दुसऱ्यांदा गेले, एक गोळी दिली. गोळीनं काय फरक न्हाई, दुखनं वाढतच चाललं. तिसऱ्यांदा गेले ते सुरवातीला सांगितलं. दगडाची हाडं.

बाहेर आले तर बाकावर शेख हवालदार मामा बसलेले. गुडघ्यासाठी येतात, कधी बी येऊन बसतात, घरी सून टीव्ही बघू देत न्हाई म्हनतात. त्यांनी पोरीचं नख दाबून बघितलं. सोडलं. नख पांढरं ते पांढरंच.

"बेटी, रंग वापस नै आ रहा. साहब को दिखा."

"दाखवलं मामा. तीनदा."

मामा काठी टेकत खोलीत गेले. खोली रिकामी. साहेब मागच्या दारानं गाडीत बसून निघून गेले होते. क्लार्कनं फोन लावला. उचलला न्हाई.

सरकारी दवाखाना गावाच्या त्या टोकाला. रिक्षा, मंग चिठ्ठी, मंग रांग. माझ्या डोक्यात साहेबाचाच आवाज घुमून राहिला होता. आधी प्लास्टर फोडा, मग पाठवा. वाटेतच हात जाईल.

मी प्लास्टरच्या खोलीत गेले आन् मशीन काढलं.

क्लार्क दारात आला. "ए बाई, पागल झाली काय? मशीनला हात लावला तर नोकरी जाईल."

मामा म्हनले, "तू पंखा चालू कर, बच्ची को पसीना आया है. नोकरी का बाद में देखेंगे."

मशीन चालू केलं. पोरगी भिंतीला चिकटली. मामा तिचा हात धरायला पुढं झाले.

"धरू नका मामा," म्या म्हनलं. "कोनी धरायचं न्हाई तिला."

चालू मशीन माझ्या तळहातावर टेकवलं. साहेबासारखं. "बग. आईला काय झालं न्हाई. आता तू सांग, करू का?"

तिनं लई येळ माझ्याकडं बघितलं. मंग सोताच हात पुढं केला.

मनगटापासून वरपर्यंत कापलं. एका अंगानं, मंग दुसऱ्या. कात्रीनं आतली पट्टी कापली, कापूस कापला, कातडी दिसेस्तोवर. उघडलं तर कातडीवर वळ आन् फोड. आंगठ्याला आधी रंग आला. मंग एकेक बोट. करंगळी लई येळ तशीच होती. आन् मंग पोरगी मोठ्यानं रडली, आन् मला बरं वाटलं ती रडली म्हून. कसलं बरं वाटनं ते.

अर्धं प्लास्टर खालून आधाराला ठेवलं, वरून ढिली पट्टी बांधली, रिक्षानं सरकारी दवाखान्यात गेले. तिथल्या डाक्टरीन बाईनं इचारलं, "हे कोणी फोडलं?"

मंग म्हनलं, "म्या."

"बरोबर केलं," ती म्हनली. "पण उशीर केला."

उशीर केला. व्हरांडा पुसत होते म्हून उशीर केला. आज महिना झाला. पोरीची करंगळी आन् तिच्या बाजूचं बोट सरळ होत न्हाई. पेन्सिल धरते तर ती दोन बोटं आत वळलेली ऱ्हातात.

तिसऱ्या दिवशी साहेबानं बोलावलं. टेबलावर टाइप केलेला कागद. मी शब्दावर बोट ठेवून वाचला, मला तसंच येतं. लिहिलं होतं, बालिकेच्या आईने डॉक्टरांना न कळवता स्वतःच्या मर्जीने प्लास्टर काढले.

"सही कर," साहेब म्हनले. आवाज लई नरम. "नोकरी राहील. पोरीचं पुढचं मी बघतो. बोटांचा व्यायाम, लागलं तर ऑपरेशन, मोठ्या दवाखान्याचा कागद मी स्वतः लिहीन."

लोभ झाला. खोटं बोलनार न्हाई. साहेबाचा हात हुशार हाय, ती दोन बोटं सरळ करनारा मानूस माझ्यासमोर बसला होता.

म्या म्हनलं, "न कळवता न्हाई साहेब. तीनदा कळवलं."

"कुणी ऐकलं?"

क्लार्क खाली बघत होता. साहेबानं पेन पुढं केला.

"धर."

म्या धरला. आन् त्या टाइपाच्या खाली माझ्या हातानं लिहिलं, मी तीनदा सांगितलं, साहेब म्हनले यांची हाडं दगडाची असतात. खाली सही केली. पूर्न नावाची. आडनावासकट.

साहेबानं वाचलं. तोंड लाल झालं. कागद फाडला. "उद्यापासून येऊ नकोस."

नवऱ्याला फोन केला तर तो म्हनला, "काहून नडली? साहेबाच्या तोंडी कोनी लागतं काय? सही करून टाकायची ना, पोरीचा तरी हात नीट झाला असता." त्याचं बी चुकलं असं मला म्हनता येत न्हाई. झोपलेल्या पोरीचा हात बघितला की मला बी तेच वाटतं.

पन तो फाडलेला कागद म्या परत लिहिला. तुमाला सांगितलं तेच सगळं त्यात हाय. शेख मामानं खाली साक्षीला नाव टाकलंय आन् फौजेतला नंबर बी टाकलाय, म्हनले, "नंबर से डरते हैं ये लोग." तपासनीवाल्या मोठ्या साहेबाला पाठवनार हाय. न्हाई उत्तर आलं तर परत पाठवनार. आन् सोमवारी पोरीला घेऊन त्याच दवाखान्यात त्याच रांगेत उभी ऱ्हानार. नोकरी त्यांनी काढली, कार्ड न्हाई काढू शकत. ते माझ्या नवऱ्याच्या गुडघ्याचं हाय. सुई मागनार, खुर्ची मागनार, बोटाच्या आपरेशनचा कागद मागनार. सही न करता. आन् माझ्या पोरीला कोनासाठी बी दाबून धरनार न्हाई, साहेब असो का साहेबाचा बाप.

तुमी काय केलं असतं? दोन बोटं एकीकडं आन् ते "न कळवता" एकीकडं, तुमी सही केली असती? घाई न्हाई, इचार करून सांगा. पन त्याच्या आधी मला दुसरं सांगा. सकाळी, सगळ्यांसमोर, साहेब "धर" म्हनले आन् पोरगी "सोड" म्हनली, तव्हा तुमी कोनाचं ऐकलं असतं?