माफ केलेली वर्गणी

नात कॉलेजला जायला लागली तेव्हा मला वाटलं होतं, खर्च म्हणजे फी, पुस्तकं आणि बसचा पास. मी चौथीत शाळा सोडली. कॉलेजात आणखी कशाकशाचे पैसे पडतात हे मला कोण सांगणार? मैत्रीचे पडतात, हे तर स्वप्नातही आलं नव्हतं.

माझं इस्त्रीचं दुकान बिबवेवाडीत, एका मोठ्या सोसायटीच्या फाटकाला लागून. दुकान म्हणजे वर पत्रा, खाली टेबल, टेबलावर घोंगडी. नात लहान होती तेव्हा संध्याकाळी कपडे पोहोचवायला माझ्याबरोबर यायची. तिसऱ्या मजल्यावर एक मुलगी राहायची, हिच्याहून थोडी मोठी. मी मजले चढून उतरेपर्यंत दोघी पार्किंगमध्ये खेळायच्या. तीच मुलगी पुढे कॉलेजात हिला भेटली आणि तिनंच हिला ग्रुपमध्ये घेतलं.

ग्रुप मुलींचाच. मोठ्या मुली दरवर्षी नव्या मुली निवडतात, सगळ्यांना घेत नाहीत. श्रावणात स्टेजवर मंगळागौरीचे खेळ करायचे, वाढदिवस मिळून करायचे, सहलीला जायचं, कॉलेजात एकमेकींच्या पाठीशी उभं राहायचं. हिला घेतलं त्या दिवशी ही घरभर नाचली. सूनबाई म्हणाली, "आबा, हिला आवरा." मी म्हटलं, "नाचू दे. फुकट आहे तोवर नाचू दे."

फार दिवस फुकट राहिलं नाही. आधी प्रवेशाचे पैसे. मग ग्रुपचं जॅकेट, पाठीवर नाव घातलेलं, तेही इस्त्री लागत नाही अशा कापडाचं, म्हणजे आमच्याच धंद्यावर पाय. मग दर महिन्याची वर्गणी, तिच्या भाषेत कॉन्ट्री. वाढदिवसाची कॉन्ट्री वेगळी. खडकवासल्याला जायला आमच्या वेळी बसचं तिकीट आणि एक कणीस एवढाच खर्च होता. आता म्हणे पाण्याच्या कडेला हॉटेलात बसून पाणी बघतात. बघा बापडे.

मी सगळे पैसे दिले. मुलाचा पगार घरभाड्यात आणि किराण्यात जातो, म्हणून मी एका हॉटेलच्या चादरींचं काम जास्तीचं धरलं. घरात एकदाच सांगून ठेवलं, की पोरीची वर्गणी पहिली जाईल. तिला कुणासमोर 'पुढच्या महिन्यात देते' असं म्हणायची पाळी यायला नको.

श्रावणातल्या कार्यक्रमाच्या आधी ती तिसऱ्या मजल्यावरची मुलगी नऊवाऱ्यांचं मोठं गाठोडं घेऊन दुकानात आली. नातही बरोबर होती.

"आजोबा, अर्जंट आहे. किती होतील?"

"काही नाही होणार."

"असं कसं?"

"असंच. नातीच्या मैत्रिणींचे पैसे घेत नसतो मी. घरचं कार्य आहे."

आमच्या परीट लोकांत ही रीत आहे. घरच्या कार्याच्या कापडाचे पैसे घ्यायचे नाहीत. तो उपकार नसतो. ही माणसं आपली आहेत, एवढंच त्यातून सांगायचं असतं. माझ्या नातीला तुम्ही आपल्यात घेतलंत, तर मी तुम्हाला आमच्यात घेतलं, असं मला म्हणायचं होतं. ते त्या मुलींना कळावं तरी कुठून? मी तरी कुठे बोलून दाखवलं?

त्यानंतर कपडे यायला लागले. आधी ओढण्या, मग कुर्ते, मग कुणाच्या तरी भावाचे शर्ट. सगळं नातीच्या हाती. "आबा, हे पण आहेत." मी करून द्यायचो. आणि मग एका महिन्यात तिनं वर्गणी मागितलीच नाही. पुढच्या महिन्यातही नाही.

मी विचारलं, "ग्रुप बुडाला की काय?"

"नाही हो. माझी कॉन्ट्री माफ केलीये त्यांनी."

"कशाबद्दल?"

"तुम्ही इस्त्री करून देता ना, म्हणून. तिसऱ्या मजल्यावरची ताई म्हणाली, फेअर आहे."

"आणि तू काय म्हणालीस?"

"थँक्यू म्हणाले. काय म्हणणार?" मग म्हणाली, "आबा, चालू दे ना असंच. मला चालतंय. मला त्यांच्यात राहायचंय."

एवढं सरळ ती माझ्याशी कधी बोलली नव्हती. मी ऐकलं नाही असं नाही. ऐकलं, आणि बाजूला ठेवलं. माझ्या डोक्यात एकच शब्द फिरत होता. माफ.

पुढच्या रविवारी मी दोन महिन्यांची वर्गणी पाकिटात घातली, पांढरा शर्ट घातला, टोपी घातली आणि तिसरा मजला चढलो. त्यांच्या हॉलमध्ये गॅदरिंगची तालीम चालली होती. सोफे भिंतीला लावलेले. मधोमध माझी नात आणि ती मुलगी फुगडी घालत होत्या. नातीची वेणी आडवी उडत होती, तोंड लाल झालेलं, हसू मावत नव्हतं. मला बघून हात सुटले.

मी पाकीट पुढे केलं. "ही आमच्या पोरीची राहिलेली वर्गणी."

"अहो आजोबा, गरज नाही. आम्ही ॲडजस्ट केलंय."

"ते तुम्ही केलंत. आम्हाला कुणी विचारलं? माफी गुन्हेगाराला असते. इस्त्री मी दिली होती, विकली नव्हती."

एक पोरगी तोंडावर हात धरून हसली. त्या घरच्या मुलीची आई स्वयंपाकघरातून आली आणि म्हणाली, "अहो, बसा ना, चहा घ्या. एवढं काय मनाला लावून घ्यायचं?" मी बसलो नाही.

त्या मुलीनं पाकीट घेतलं. चेहरा उतरला होता तिचा, पण बोलली ठणठणीत. "ठीक आहे आजोबा. मग इस्त्रीचे किती झाले तेही सांगा."

"त्याचे काही नाही."

"असं कसं? तुम्ही आमचं फुकट घेत नाही, मग आम्ही तुमचं का घ्यायचं?"

अस्सल पुण्याची पोर. तिनं पर्समधून नोटा काढल्या. मी हात पुढे केला नाही, म्हणून त्या माझ्या नातीच्या हातात दिल्या. सगळ्या मुलींच्या देखत. काल-परवापर्यंत ती त्यांची मैत्रीण होती. त्या नोटा हातात पडल्या आणि ती इस्त्रीवाल्याची पोर झाली. तळहात तसाच उघडा राहिला तिचा, मिटायचं तिला सुचेना.

जिना उतरताना ती पुढे होती, मी मागे. ती रडली असती तर मला बोलता आलं असतं.

तिला ग्रुपमधून कुणी काढलं नाही. बरेच दिवस निरोप येत होते म्हणे. तीच गेली नाही. गॅदरिंगच्या दिवशी मी म्हटलं, "जा ना. वर्गणी भरलेली आहे." ती म्हणाली, "हो आबा, भरलेली आहे," आणि भाजी निवडत बसली.

सूनबाई मला कधी उलटून बोलत नाही. त्या दिवशी पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "आबा, तुमचं बरोबरच होतं. पण बरोबर असून करायचं काय होतं?"

अजूनही कुणी विचारलं तर मी सांगेन, की माफी घ्यायची नाही. माझी मान कुणापुढे वाकलेली नाही. पण त्या दिवशी मान माझी नव्हती, तिची होती, आणि ती मला म्हणाली होती की मला चालतंय.

आता तिसऱ्या मजल्यावरचे कपडे वॉचमन आणून देतो. भाव ठरलेला, पैसे रोख. यंदा श्रावणाच्या तोंडावर पुन्हा नऊवाऱ्यांचं गाठोडं आलं. नातीला दिसू नये म्हणून मी ते टेबलाखाली सारणार होतो, पण ती कॉलेजातून आली आणि तिनं ते पाहिलं. दप्तर खाली ठेवलं, इस्त्री माझ्या हातातून घेतली आणि एकेक साडी करायला लागली. काठाला घाई नाही, पदराला चुणी नाही. तिच्या घड्या माझ्यापेक्षा सुरेख पडतात, हे मला त्या दिवशी कळलं.

मला ते कळायला नको होतं.