साडूच्या आधी भरलेलं बिल

कापडाचे चाळीस थर एकावर एक रचायचे, त्यातून एका दमात चाळीस बाह्या कापायच्या आणि चाळिसावी बाही पहिलीपेक्षा केसभरही लहानमोठी होऊ द्यायची नाही, हे मास्तरांचं काम. गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कटिंगच्या लांब टेबलाशी ते अठरा वर्षं उभे होते. डाव्या हातात पोलादी जाळीचा हातमोजा, कानावर खडू. माणूस अबोल, कुणाच्या अध्यात ना मध्यात. फक्त एका माणसाचा विषय निघाला की त्यांच्या पोटात दुखायला लागायचं. तो माणूस म्हणजे त्यांचा साडू.

साडू लिफ्ट दुरुस्त करायचा. उंच, मोकळा, सतत बोलणारा. कुठेही गेला की तिथलं काहीतरी मोडलेलं त्याला दिसायचं आणि तो बाह्या सरसावून बसायचा. सासूबाईंकडचा पंखा त्याने नीट केला, नळ त्याने बदलला, दाराची कडी त्यानेच बसवली. त्या घरात ज्या वस्तूला हात लावावा ती त्याच्या उपकाराखाली दबलेली. खिडकीजवळची खुर्ची तर न सांगताच त्याची झाली होती. मास्तर आधी पोचले तरी पलीकडच्या स्टुलावर बसायचे. खुर्चीवर बसायचं आणि तो आल्यावर उठायचं, त्यापेक्षा स्टूल बरं.

यावर कडी म्हणजे कारखान्यातली माल चढवायची लिफ्टही त्याच्याच कंपनीकडे होती. महिन्यातून एकदा तो यायचा, तासभर थांबायचा आणि पुढचे चार दिवस हिशेबनीसांपासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळे मास्तरांना सांगायचे, "तुमचे साडू म्हणजे राजा माणूस हो." मास्तर मान हलवायचे आणि कात्रीला धार लावायला घ्यायचे.

तर एका बुधवारी, पगाराला तेरा दिवस असताना, सासूबाई जिन्यावर घसरल्या. मोठी मेहुणी आणि साडू त्याच्या कामासाठी परगावी गेलेले. मास्तरांची बायको लेकीच्या शाळेत पालकसभेला, फोन बंद. शेजारणीने मग कारखान्यात फोन लावला आणि मास्तर हातमोजा टेबलावर टाकून धावत सुटले.

मनगटाचं हाड मोडलं होतं. मास्तरांनी सासूबाईंना दोन्ही हातांवर उचलून दोन मजले खाली आणलं, टॅक्सीत घातलं, हॉस्पिटलात नेलं. डॉक्टर म्हणाले, आत धातूची पट्टी बसवावी लागेल. सासूबाई कण्हत होत्या आणि मध्येच विचारत होत्या, "मोठ्या जावयांना कळवलं का?"

"कळवतो," मास्तर म्हणाले. पण कळवलं नाही.

पैसे भरायच्या खिडकीतला माणूस भला होता. "निम्मे आता भरलेत तरी चालेल," तो म्हणाला. "निम्मे घरी सोडताना भरा."

घरी सोडायला चार दिवस होते. चार दिवसांत साडू परत येणार होता. मास्तरांच्या डोळ्यांसमोर सगळं उभं राहिलं: तो खिडकीशी वाकलाय, आतल्या माणसाशी हसून बोलतोय, पाकीट काढतोय, आणि सासूबाई म्हणतायत, मोठे जावई आले म्हणून सुटले. मास्तरांनी कार्ड पुढे केलं.

"सगळे घ्या," ते म्हणाले.

खात्यात होतं नव्हतं ते गेलं. पावती घडी करून वरच्या खिशात ठेवताना त्यांना आपण एकदम अर्धा हात उंच झालोय असं वाटलं. ते वाटणं बस थांब्यापर्यंत टिकलं. तिथे त्यांनी खिशातली नाणी चाचपली आणि घरी पायी निघाले.

बायकोने पावती दोनदा वाचली. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

"निम्मे नंतर चालले असते असं इथंच लिहिलंय," ती म्हणाली.

"तुझ्या आईसाठीच भरले ना."

"आईसाठी निम्मे भरलेत. उरलेले कुणासाठी भरलेत ते तुम्हाला माहीत." तिने पावती कपाटात ठेवली. "आता तेरा दिवस काय करायचं? मी ताईला सांगते."

"ताईला सांगायचं नाही."

"मग कारखान्यातून उचल घ्या."

उचल मागायची म्हणजे हिशेबनीसांकडे जायचं, आणि हिशेबनीसांच्या पोटात काही राहत नसे. पुढच्या फेरीत लिफ्टवाल्याच्या कानावर गेलंच असतं.

"तेही नाही," ते म्हणाले.

बायकोने मग वाद घातला नाही. तिने डबे उघडले. तांदूळ दहा दिवसांचे, डाळ त्याहून कमी, कांदे-बटाटे भरपूर, तेल तळाशी. साखर पाव डबा. बारा वर्षांची लेक शेजारी उभी राहून सगळं कागदावर लिहीत होती, जणू शाळेतला प्रकल्प. दूध बंद झालं. मास्तरांचा बसचा पास त्याच आठवड्यात संपला. ते रोज पाऊण तास चालू लागले आणि कुणी विचारलं तर पोट सुटलंय म्हणून सांगू लागले. त्यांचं पोट सुटायला जागाच नव्हती, पण कारखान्यात कुणी फार खोलात गेलं नाही. जेवणाच्या सुट्टीत ते डबा घेऊन कापडाच्या गठ्ठ्यांमागे बसायचे. तीन दिवस सलग बटाटे आहेत हे चारचौघांना कशाला दिसायला हवं.

शनिवारी बायको म्हणाली, "घरात मशीन धूळ खात पडलंय. खालच्या मजल्यावरची बाई तिच्या नवऱ्याच्या पँटी लांब होतात म्हणून कुणीतरी शोधत होती."

"मी पँटी मुडपू?"

"तुम्ही खुणा करून द्या. शिवते मी."

मास्तरांचा तिळपापड झाला. एका वेळी चाळीस बाह्या कापणाऱ्या माणसाने घरोघरच्या पँटींचे पाय दुमडायचे. पण दुपारपर्यंत दारावर पुठ्ठा लागला. लेकीने सुरेख अक्षरात लिहिलं होतं: पँटची लांबी कमी करून मिळेल, चेन बसवून मिळेल, काजबटण होईल. खाली आणखी मोठ्या अक्षरात: मास्तरांच्या हातचं काम. तेवढी शेवटची ओळ मास्तरांनी खडूने गिरवून बुजवली. संध्याकाळपर्यंत सहा पँटी आणि एक कोट आला. कोट बघितल्यावर मात्र त्यांना राहवलं नाही. आतलं अस्तर कुणीतरी वेडंवाकडं शिवलेलं होतं. त्यांनी ते उसवलं, नव्याने बेतलं आणि दोन तास मान वर केली नाही. त्या पैशांत तेल आणि अंडी आली.

रविवारी सासूबाई घरी आल्या. साडू आणि मेहुणीही परतले होते. मास्तर बायको-लेकीला घेऊन भेटायला गेले ते मनाशी एक चित्र रंगवूनच. आज तरी कुणीतरी विचारेल, बिल कुणी भरलं. मग आपण नुसतं "असू दे हो" म्हणायचं. ते "असू दे हो" त्यांनी वाटेत दोनतीन तऱ्हांनी मनात म्हणून पाहिलं होतं.

आत शिरताच ड्रिलचा आवाज आला. साडू न्हाणीघराच्या भिंतीला पोलादी दांडा बसवत होता, आईंना उठता-बसता धरायला. शेजारपाजारच्या दोन बाया कौतुकाने बघत उभ्या.

"परगावाहून आले ते हातपायसुद्धा न धुता कामाला लागले," सासूबाई पलंगावरून सांगत होत्या. "पोटचा मुलगा करणार नाही इतकं करतात मोठे जावई."

मास्तर दांड्याकडे बघत राहिले. हातभर लांबीची नळी आणि चार स्क्रू. आपण जे दिलं ते कुठं दिसतच नव्हतं, ते सासूबाईंच्या मनगटात कातडीखाली गेलेलं. हा दांडा मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसणार, सासूबाई रोज दोन वेळा तो धरणार आणि रोज दोन वेळा त्यांना तोच आठवणार. मास्तर स्टुलावर बसले. खुर्ची तेव्हा रिकामी होती, पण बसले स्टुलावरच.

साडूने त्यांना हाक मारली. "साडूबुवा, जरा बघा हो, सरळ बसलाय ना? तुमच्या नजरेवर माझा भरवसा."

दांडा सरळ होता. मास्तरांनी एक डोळा मिटून खूप वेळ पाहिलं. "डावीकडे किंचित उतरलाय," ते म्हणाले.

साडूने मुकाट्याने स्क्रू सैल केले. बायकोने मास्तरांकडे असं पाहिलं की त्यांनी नजर खाली वळवली.

मंगळवारी संध्याकाळी साडू एकटाच त्यांच्या दारात उभा. मास्तर नुकतेच चालून आले होते, पाय पाण्यात सोडून बसले होते. दार उघडंच होतं. साडूने पुठ्ठा वरपासून खालपर्यंत वाचला.

"हे कधीपासून?"

"हिचा वेळ जात नाही घरात," मास्तर म्हणाले.

"वेळ जातोय की," बायको आतून म्हणाली. "पैसे पुरत नाहीयेत."

मास्तरांच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. साडू आत येऊन बसला. पँटींच्या ढिगाकडे त्याने एकदा पाहिलं, मग पाहायचं टाळलं. बायकोने बिनदुधाचा चहा आणून ठेवला.

"डॉक्टरांनी दूध बंद केलंय माझं," मास्तर म्हणाले.

"माझं नाही ना केलं," साडू म्हणाला आणि लगेच जीभ चावली. मग तसाच चहा प्यायला. "काल हॉस्पिटलात गेलो होतो बिल किती झालं ते विचारायला. तिथला माणूस म्हणाला, सगळं आधीच भरलंय. तुम्ही बोलला का नाहीत?"

मास्तरांनी इतके दिवस जपून ठेवलेलं "असू दे हो" आता म्हणायची वेळ होती. ते म्हणाले. पण ज्या तऱ्हेने म्हणायचं ठरवलं होतं तसं ते निघालं नाही; पाय बादलीत असताना माणसाला रुबाब आणता येत नाही.

"असू दे कसं? निम्मं माझं." साडूने खिशातून पाकीट काढलं. "ती दोघींची आई आहे."

"मी काही मागितलं नाही."

"मीही देणगी देत नाहीये."

"नको म्हटलं ना," मास्तर म्हणाले. आवाज चढला होता. "प्रत्येक ठिकाणी तुमचा हात लागलाच पाहिजे का? पंखा तुमचा, नळ तुमचा, कडी तुमची. एक बिल तरी माझं राहू द्या."

लेक वही मिटून बघत राहिली. साडू हसेल असं मास्तरांना वाटलं होतं, पण तो हसला नाही. तो गोंधळला होता, खरोखरच. आपल्यावर कुणी वर्षानुवर्षं जळतंय हे त्याला त्या क्षणापर्यंत माहीतच नव्हतं, आणि हे मास्तरांना सगळ्यात जास्त झोंबलं. आपण एवढं जळलो आणि याला धगसुद्धा लागली नाही.

बायको बाहेर आली. तिने ओल्या हातांनीच साडूच्या हातातल्या नोटा घेतल्या. "निम्मे ना, भाऊजी? बरोबर आहेत. तुम्ही बसा, अंडी आहेत घरात, जेवूनच जा."

"नको, तुमची ताई वाट बघत असेल," तो म्हणाला आणि उठला. दारात तो थांबला. "साडूबुवा, तो दांडा डावीकडे उतरला नव्हता. मी नंतर पट्टी लावून पाहिली."

"हो," मास्तर म्हणाले. "सरळ होता."

साडू मान हलवून जिना उतरून गेला.

मास्तर दोन दिवस बायकोशी बोलले नाहीत. घरात दूध आलं, बसचा पास आला, लेकीच्या चपलेचा तुटलेला पट्टा शिवून आला, आणि प्रत्येक गोष्ट त्यांना टोचत राहिली. चहात दूध घातलं की वाटे, हे त्याचं. बसमध्ये बसायला जागा मिळाली की वाटे, हीही त्याचीच. आयुष्यात एकदाच आपण त्याच्या पुढे गेलो होतो, ते बिलही आता निम्मं त्याचं झालं. बायकोने हे सगळं ओळखलं असावं. तिसऱ्या दिवशी ती त्यांच्यापुढे एक पँट टाकत म्हणाली, "पैसे परत देऊन येऊ का? मग पुन्हा चालत जा." मास्तरांनी खडू घेतला आणि खूण करून दिली. तेवढ्यावर बोलणं सुरू झालं.

पँटींची कामं थांबली नाहीत. पगाराच्या आदल्या दिवशी तर रांगच होती, आणि लोक "वहिनी आहेत का?" असं विचारत होते. मास्तर दार उघडून "आहेत" म्हणायचे.

पगार जमा झाल्याचा निरोप फोनवर आला तेव्हा ते टेबलाशीच होते. त्यांनी तो वाचला, फोन खिशात ठेवला आणि हातातला थर पूर्ण कापला. संध्याकाळी बायकोने कपाटातून एक रिकामा डबा काढून त्यांच्यापुढे ठेवला.

"ताईचं आणि माझं ठरलंय," ती म्हणाली. "दर पगाराला दोघींनी थोडे बाजूला काढायचे. आईला पुन्हा काही झालं तर कुणाची धावपळ नको."

मास्तरांनी डब्याकडे पाहिलं. "त्यांनी किती ठेवायचं ठरवलंय?"

तिने सांगितलं. "आपणही तेवढेच."

मास्तर नखाने टेबलावरची खडूची रेघ पुसत म्हणाले, "आपण थोडे जास्त ठेवू."

बायकोने त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग ठरले होते तेवढेच मोजून डब्यात टाकले, झाकण लावलं आणि कपाट बंद केलं.