शेरडी घेऊन मोटारीनं अक्कलकोटला

मोटारीत शेरडी घेतात की नाही, हे आमच्या वस्तीवर कुणालाच ठाऊक नव्हतं. मीच जाऊन बघितलं. पुढं कुणावर दुभतं जनावर घेऊन त्या रस्त्यानं जायची पाळी आली, तर निदान माझी चूक तरी त्यानं करू नये, म्हणून ही हकीकत सांगतेय. मला अक्षर येत नाही. लिहिणारी माझी नात आहे, माझ्या लेकाची पोर. अक्षर तिचं, चुका माझ्या.

माझी लेक गोदा अक्कलकोटला तिच्या सासरी बाळंत झाली आणि पाचव्या दिवशी तापानं गेली. मागं पोरगी राहिली. निरोप घेऊन आलेला माणूस म्हणाला, शेजारच्या बाया दोनचार दिवस पाजत होत्या, आता त्यांचाही हात आखडलाय, आणि गाईचं दूध पोरीच्या पोटात ठरत नाही. मी रडणं अर्ध्यावर टाकलं आणि गोठ्यात जाऊन कबरी सोडली. कबरी म्हणजे आमची सगळ्यात गरीब शेरडी, लहान पोरांनी सडाला तोंड लावलं तरी लाथ मारत नाही. तिचं दीड महिन्याचं करडूही घेतलं, कारण ते समोर असल्याशिवाय ती पान्हा सोडत नाही.

मनातला बेत साधा होता. मोटारीनं जायचं, चार दिवस तिथंच पोरीला शेरडीवर पाजायचं, मग दोघींना घेऊन घरी यायचं. विहीणबाई पोरीच्या जातीला कशाला ठेवून घेतील? न्या म्हणतील, वर नारळही देतील, अशी माझी अटकळ.

लेक आडवा आला. "आये, ऊन बघ की. मी जातो."

"जा की," मी म्हटलं. "शेरडी पिळशील. पोरीचं ढुंगण कोण पुसंल?"

त्यानं माझी भाकरी फडक्यात बांधली, सोबत मिठाची पुरचुंडी आणि गुळाचा खडा. पाण्याचा तांब्या मी चुलीपाशीच ठेवला. मोटारीत बसणाऱ्याला पाणी कशाला?

वळसंगला रस्त्यावर उभं राहिलं की सोलापूरहून येणारी मोटार मिळते. ड्रायव्हरनं कबरीकडं बघितलं. "आजी, ही मोटार हाय, जनावरांचा बाजार न्हाय."

"मग वास बाजारासारखा का येतोय रं?"

आतली माणसं हसली, तेवढ्यात मी पाय वर टाकला. माझे सहा आणे, शेरडीचे तीन. करडू मांडीवर बसलं म्हणून त्याचं फुकट. शेजारी बांगड्यांची पेटी घेतलेला एक म्हातारा मणेर होता, सगळे त्याला चाचा म्हणत होते. कबरीनं त्याच्या पेटीची दोरी चघळायला घेतली तरी त्यानं ती सोडवून घेतली नाही. उलट म्हणाला, "खाने दो अम्मा, मेरी बीबी बी ऐसाच करती."

बऱ्याच दिवसांनी मी हसले असेन. लगेच गोदा आठवली आणि तोंड मिटलं.

अर्ध्या वाटेवर एका कोरड्या ओढ्यापाशी चाक फुटलं. ड्रायव्हरनं ठिगळ लावलं, ते पुढच्या चढावर सुटलं. मग तो मागून येणाऱ्या बैलगाडीत बसून दुसरं चाक आणायला वळसंगला परत निघाला. आम्हाला म्हणाला, "बसा जरा निवांत."

निवांत बसायला एकच लिंब होता. मी कबरीचं दावं मनगटाला गुंडाळलं. करडू मोकळंच ठेवलं, आईला सोडून ते कुठं जाणार? गोदा तापल्याचं कळल्यापासून नऊ रात्री डोळ्याला डोळा नव्हता. बुंध्याला पाठ टेकली आणि गेले.

जाग आली ती दाव्याला हिसका बसला म्हणून. कबरी ओरडत ताणत होती. रस्त्यापलीकडं काढलेल्या जोंधळ्याचं रान होतं. मागं एक अवकाळी सर पडून गेलेली, त्यामुळं वाळल्या खुंटांना पोपटी फुटवे आलेले. ते कोवळे फुटवे म्हणजे जनावराला विष. वस्तीवरच्या पोरांना मी जन्मभर हेच ओरडत आले, आणि माझं करडू त्याच रानात आडवं पडून पाय झाडत होतं. तोंडाला फेस. गुळाचं पाणी पाजलं तर एखादं वाचतं. माझ्याकडं गूळ होता. पाणी नव्हतं. मोटारीतल्या एकाकडंही नव्हतं.

चाचा धावत आला. करडू माझ्या हातातच गार झालं.

मी बसून राहिले. करडासाठी नाही. करडू नाही तर पान्हा नाही, पान्हा नाही तर पोरगी नाही. मग कंबरेचा विळा काढला.

चाचा दचकला. "अम्मा, मुर्दार है. इसका गोश्त नै खाना."

"मटण कुणाला पायजे? मला कातडं पायजे."

कशाला, ते सांगितल्यावर तो डोक्याचं फडकं सोडून माझ्यावर सावली धरून उभा राहिला, तोंड पलीकडं करून. कातडं सोलून आतून मीठ चोळलं. बाकीचं ओढ्याच्या वाळूत पुरलं. ड्रायव्हरचा पत्ता नव्हता. तीन कोस राहिले होते. कातडं खांद्यावर टाकून मी चालू लागले.

दावं ओढावं लागलं नाही. कबरी माझ्या खांद्याला नाक लावून मागोमाग येत होती, मधूनच हलकी हाक मारत. चाचा पेटी डोक्यावर घेऊन सोबत आला. वाटेतल्या विहिरीवर त्यानं आधी शेरडीला पाजलं, मग मला.

दिवेलागणीला विहिणीच्या दारात पोचले. तायव्वा त्यांचं नाव. गोदाच्या लग्नापासून आमचं कधी पटलं नाही.

"मोटारीनं येनार व्हता न्हवं?"

"आले की. अर्धी."

पोरगी वाळल्या दोडक्याएवढी. तोंड रडण्याचं, आवाज नाही. कबरीखाली धरली तर कबरी बाजूला सरली, कास दगडासारखी. मी कातड्याचा तुकडा पोरीच्या पाठीवर ठेवला.

तायव्वा किंचाळल्या. "मेल्या जनावराचं कातडं लेकराच्या अंगावर? येड लागलं व्हय तुमाला?"

"लागलंय. शिंगं धरा."

त्यांनी धरली. कबरीनं वास घेतला. एकदा, दोनदा. मग ते कातडं चाटायला लागली आणि कास सैल पडली. पोरीच्या तोंडात धार गेली. तायव्वा शिंगं धरूनच कानडीत पुटपुटत होत्या, "कुडी, कुडी." पी बाळा, पी. त्यांच्या हनुवटीवरून पाणी गळत होतं. माझ्या डोळ्याला नव्हतं.

तिसऱ्या दिवशी पोरीला आवाज फुटला. पाचव्या दिवशी कबरीला कातडं लागेना.

निघायच्या सकाळी तायव्वांनी पोरीला दुपट्यात गुंडाळलं. "न्यायची तर न्या. मी कोन आडवनार?" म्हणाल्या, पण हात सुटेनात. मी पोरीला घेतलं, कबरीचं दावं धरलं, मोटारीपर्यंत आले. तोच ड्रायव्हर. चाकाला पुन्हा ठिगळ. या खेपेला माझ्या हातात पाण्यानं भरलेला तांब्या होता, तरी पाय वर टाकवेना. डोळ्यांपुढं तो लिंब दिसत होता, ते पोपटी रान दिसत होतं. तशीच परत फिरले.

"काय विसरलं?" तायव्वांनी विचारलं.

"हिला. हितंच ऱ्हाऊ द्या."

"आन् शेरडी?"

"शेरडी नेली तर पोरीला काय तुमची जीभ चाटायला देणार?"

त्या हसल्या, मग पदर तोंडाला लावला. गोदा गेल्यापासून आम्ही दोघी पहिल्यांदा एका वेळी रडलो.

वळसंगला लेक घ्यायला आला होता, त्यानं मोटारीत वाकून बघितलं. "पोरगी कुटं?"

"तिच्या घरी."

घरी येऊन रिकामं दावं खुंटीला टांगलं. परवा अक्कलकोटहून निरोप आला, पोरगी आता पालथी पडते. ज्यांना जायचंय त्यांनी जावं. मोटार मोडली तर पायी जावं, पण पाणी घेऊन जावं. मी जाऊन आले म्हणून पोरगी आहे, आणि मी झोपले म्हणून ती माझ्याजवळ नाही. दुपारी जरा डोळा लागला की अजून मनगटाला हिसका बसतो. उठून बघते. मनगट मोकळं असतं.